फक्त विमान बदलायचंय, मग व्हिसा कशाला? तिकीट काढण्याआधी समजून घ्या ट्रान्झिट व्हिसा

येलदरी (ता. जिंतूर, जि. परभणी) : आमच्या खाला आणि खालूंनी उमऱ्यासाठी तीन वर्षं पैसे जमवले होते. सोयाबीनचे थोडे, पोरांनी पाठवलेले थोडे. उमऱ्याचा व्हिसा आला, एहराम शिवून झाला, घरी येऊन सगळ्यांनी दुआ मागितली. जिंतूरहून परभणी, परभणीहून रात्रीची रेल्वे, मग शमशाबादचा हैदराबाद विमानतळ. सोबत त्यांचा मोठा मुलगा. तिघंही पहिल्यांदाच विमानात बसणार होते.

तिकीट एका ओळखीच्या माणसाने काढून दिलं होतं. हैदराबाद ते दुबई एका कंपनीचं विमान. दुबईत उतरल्यावर सात तासांनी शारजाहून जेद्द्यासाठी दुसऱ्या कंपनीचं विमान. थेट विमानापेक्षा माणशी काही हजार रुपये वाचत होते, म्हणून सगळे खूश होते.

चेक-इन काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट पाहिले, तिकीट पाहिलं आणि विचारलं, ‘यूएईचा व्हिसा कुठंय?’

खालूंनी उमऱ्याचा व्हिसा पुढे केला. ती म्हणाली, ‘हा सौदीचा आहे. दुबईचा?’

खाला म्हणाल्या, ‘बेटा, हमको दुबई में रुकना नहीं है. बस जहाज बदलना है.’

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. तरीही तिघांना विमानात बसू दिलं नाही. दुबई विमानतळ आणि शारजा विमानतळ ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. एकातून बाहेर पडून रस्त्याने दुसऱ्याकडे जावं लागतं, आणि बाहेर पडायचं म्हणजे यूएई या देशात शिरायचं. त्याला व्हिसा लागतो. चार दिवस नातेवाइकांकडे राहून तिघांनी जेद्द्याची थेट तिकिटं नव्याने काढली. अल्हम्दुलिल्लाह, उमरा झाला. पण पहिल्या तिकिटांचे जवळपास सगळे पैसे बुडाले. ते पैसे धाकट्याच्या फीसाठी ठेवलेले होते.

ही एका घराची गोष्ट असली तरी आपल्या भागात आता घरटी कुणीतरी खाडी देशांत आहे, कुणाची मुलगी इंग्लंडला, कुणाचा मुलगा कॅनडाला शिकायला. पूर्वी परदेशप्रवास म्हणजे आयुष्यातून एकदा हज. हज कमिटीचं विमान थेट सौदीला उतरतं, मधे काही विचारायचं कामच नाही. आता मात्र तिकीट आपणच मोबाईलवर शोधतो, स्वस्त दिसेल ते घेतो, आणि स्वस्त तिकीट बहुतेक वेळा मधे एखाद्या देशात विमान बदलायला लावतं. म्हणून हा विषय आज सविस्तर पाहू.

ट्रान्झिट म्हणजे नेमकं काय?

तुम्ही मुंबईहून निघालात, दोह्याला उतरलात, तिथून दुसऱ्या विमानाने जेद्द्याला गेलात. यातला दोह्याचा थांबा म्हणजे ट्रान्झिट. आता तिथे दोन गोष्टींपैकी एक होते.

पहिली, तुम्ही विमानतळाच्या आतच राहता. विमानातून उतरलात, ‘ट्रान्स्फर’ची पाटी पाहून चालत गेलात, सामानाची तपासणी झाली आणि पुढच्या गेटवर जाऊन बसलात. इमिग्रेशनच्या काउंटरवर गेलाच नाहीत. पासपोर्टवर शिक्का नाही. कायद्याच्या नजरेत तुम्ही त्या देशात शिरलाच नाहीत.

दुसरी, काही कारणाने तुम्हाला इमिग्रेशन पार करून बाहेर यावं लागतं. सामान पट्ट्यावरून उचलायचं असेल, विमानतळ बदलायचा असेल, हॉटेलात झोपायचं असेल किंवा दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर नव्याने बोर्डिंग पास घ्यायचा असेल. इथे तुम्ही त्या देशात प्रवेश केलात. मग तो तासाभरासाठी का असेना.

आत राहिलात तर बऱ्याच देशांत व्हिसा लागत नाही. बाहेर आलात तर जवळपास सगळीकडे, त्या देशाच्या नियमाप्रमाणे, व्हिसा किंवा प्रवेशाची परवानगी लागते. आणि काही देश असे आहेत, जे आत बसलेल्या प्रवाशाकडूनही व्हिसा मागतात. त्यांच्याकडे पुढे येऊ.

म्हणजे ‘मी किती वेळ थांबणार आहे’ यापेक्षा ‘मला इमिग्रेशन पार करावं लागेल का’ हा प्रश्न मोठा आहे. दोन तासांच्या थांब्यालाही व्हिसा लागू शकतो, आणि दहा तासांच्या थांब्याला लागणारही नाही.

एक तिकीट की दोन तिकिटं?

खाला-खालूंची गाडी इथेच अडली. संपूर्ण प्रवास एकाच बुकिंगवर, म्हणजे एकाच पीएनआर नंबरवर असेल, तर हैदराबादच्या काउंटरवरच तुमच्या सामानाला जेद्द्यापर्यंतचा टॅग लागतो. बऱ्याचदा दोन्ही बोर्डिंग पासही तिथेच मिळतात. मधल्या विमानतळावर तुम्हाला फक्त एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जायचं असतं. पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असते.

दोन वेगळी तिकिटं असतील तर गोष्ट बदलते. पहिल्या कंपनीच्या दृष्टीने तुमचा प्रवास दुबईलाच संपतो. तिच्या संगणकावर तुम्ही ‘दुबईला जाणारा प्रवासी’ असता, म्हणून ती दुबईचा व्हिसा मागते. सामान दुबईच्या पट्ट्यावर येतं. ते उचलायचं तर इमिग्रेशन पार करावं लागतं. आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी म्हणते, आमचा काय संबंध? तिकीट गेलं.

इंटरनेटवर तिकीट शोधताना काही साइट दोन कंपन्यांची दोन तिकिटं जोडून एकाच पानावर, एकाच किमतीत दाखवतात. खाली बारीक अक्षरांत ‘सेल्फ ट्रान्स्फर’ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ, मधली सगळी जबाबदारी तुमची. आपल्याला वाटतं एकच तिकीट आहे. तिकीट हातात आलं की पीएनआर मोजा. दोन दिसले तर थांबा आणि विचारा.

विमानतळाचं नावही नीट वाचा. एका शहराला किंवा शेजारच्या शहरांना दोन-दोन विमानतळ असतात. दुबईचा मुख्य विमानतळ वेगळा, अल मकतूम वेगळा, शारजा वेगळा. इस्तंबूलला एक विमानतळ युरोपच्या बाजूला आणि सबिहा गोकचेन आशियाच्या बाजूला. लंडनला हीथ्रो आणि गॅटविक. अशी अदलाबदल तिकिटावर असेल तर बाहेर यावंच लागणार, आणि व्हिसाचा प्रश्न येणारच.

जाताना सगळं नीट असलं तरी परतीचं तिकीट पुन्हा तपासा. कधी कधी येतानाचा मार्ग वेगळा असतो. परतीत सामानही वाढलेलं असतं, सोबत जमजमचा डबा असतो. दोन तिकिटं असली की तो डबा मधे उतरवून पुन्हा जमा करावा लागतो. हातातल्या पिशवीत बाटली ठेवली तर ट्रान्झिटच्या तपासणीत ती काढून घेतात, कारण केबिनमध्ये १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत पातळ पदार्थ चालत नाहीत. अत्तर आणि मधाचंही तेच.

खाडी देशांतून जाताना

आपले बहुतेक लोक दुबई, अबुधाबी, शारजा, दोहा, मस्कत, बहारीन किंवा कुवेत यांपैकी कुठूनतरी जातात. एकाच तिकिटावर असाल, सामान पुढपर्यंत गेलं असेल आणि विमानतळाच्या आतच राहणार असाल, तर या ठिकाणी भारतीय पासपोर्टवर साधारणपणे ट्रान्झिट व्हिसा लागत नाही.

यूएईत बाहेर पडायचं असेल, समजा दुबईत असलेल्या भावाला भेटायचं असेल, तर दोन प्रकारचे ट्रान्झिट व्हिसे आहेत. ४८ तासांचा व्हिसा मोफत आणि ९६ तासांचा ५० दिरहॅमचा. मात्र तो यूएईच्या विमान कंपन्यांमार्फत आणि तिथे पोहोचण्याआधी काढावा लागतो. मधला एजंट आपली सेवाफी वेगळी लावतो. ‘उतरल्यावर बघू’ असं म्हणून निघू नका.

ज्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड आहे, किंवा ब्रिटन अथवा युरोपियन युनियनमधला रहिवासी परवाना आहे, अशा भारतीयांना यूएईत उतरल्यावर १४ दिवसांचा व्हिसा फी भरून मिळण्याची सोय आहे. २०२५ मध्ये ही सोय सिंगापूर, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडाच्या परवानाधारकांनाही लागू झाली. ज्याच्याकडे फक्त भारतीय पासपोर्ट आणि उमऱ्याचा व्हिसा आहे, त्याला ही सोय नाही.

आता एक गोष्ट आपल्या घरांतल्या बायांसाठी फार महत्त्वाची. आपल्याकडे कित्येक खाला, फुफूंच्या पासपोर्टवर एकच नाव असतं आणि आडनावाची जागा कोरी. नोव्हेंबर २०२२ मध्ये यूएईने असं एकच शब्दाचं नाव असलेल्या प्रवाशांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाकारण्याचा नियम आणला. नंतर खुलासा आला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर सवलत मिळू शकते. आत बसून विमान बदलायचं असेल तर हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. पण दोन तिकिटांमुळे बाहेर यावं लागलं, की असा पासपोर्ट अडचणीत आणतो. नवीन पासपोर्ट काढताना किंवा नूतनीकरण करताना नाव आणि आडनाव दोन्ही रकाने भरून घ्या. पुढची पंधरा दुखणी वाचतात.

सामानाबद्दलही एक इशारा. खसखस आपल्याकडे मसाल्याच्या डब्यात असते. यूएई आणि सौदीत ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. पोराला घरचा मसाला म्हणून पाठवलेली पुडी तिथे गुन्हा ठरू शकते. फक्त ट्रान्झिट आहे म्हणून सूट मिळेल, असं समजू नका. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

सौदीमार्गे जाताय? वाटेत उमरा होऊ शकतो

ही बाब बऱ्याच लोकांना अजून माहीत नाही. जानेवारी २०२३ मध्ये सौदी अरेबियाने सौदिया आणि फ्लायनास या कंपन्यांच्या प्रवाशांसाठी डिजिटल ट्रान्झिट व्हिसा सुरू केला. समजा तुम्ही मुलाला भेटायला युरोपला निघालात आणि तिकीट जेद्दामार्गे आहे. तिकीट काढतानाच कंपनीच्या साइटवर हा व्हिसा मागता येतो. ९६ तास, म्हणजे चार दिवस, सौदीत थांबता येतं. त्यात उमरा करता येतो, मदीना शरीफची जियारत करता येते. व्हिसा सुरू झाला तेव्हा त्याला फी नाही असं जाहीर झालं होतं. अर्ज भरताना विम्याची वगैरे रक्कम दिसेल, ती नीट पाहून घ्या.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. हा व्हिसा हजसाठी चालत नाही. हजला हजचाच परवाना लागतो, आणि त्याशिवाय हजच्या दिवसांत मक्केत जाणाऱ्यांवर सौदी सरकार कडक कारवाई करतं. हजच्या आधीच्या आठवड्यांत इतर व्हिशांवरही मर्यादा येतात, त्यामुळे त्या काळात असा बेत आखू नका. दुसरं, उमऱ्याची आणि रियाजुल जन्नाची वेळ नुसुक अॅपवर घ्यावी लागते. चारच दिवस हातात असतील तर ती आधी ठरवा, मग हॉटेल.

ब्रिटन, युरोप, अमेरिका : इथे नियम कडक

खाडी देशांच्या सवयीने लोक इथे फसतात. ‘आतच बसणार आहे ना’ हे इथे पुरेसं नाही.

ब्रिटन : लंडनला नुसतं विमान बदलायचं असेल, इमिग्रेशन पार करायचं नसेल, तरी भारतीय पासपोर्टला ‘डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा’ लागतो. सूट कोणाला? ज्यांच्याकडे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा आहे, त्यांना आत राहून विमान बदलण्यासाठी हा व्हिसा लागत नाही. म्हणून टोरंटोला मुलाकडे निघालेल्या आईला, कॅनडाचा व्हिसा चालू असेल तर, हीथ्रोवर अडचण येत नाही. पण हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान असेल तर बाहेर यावं लागतं. त्याचा व्हिसा वेगळा आणि सुटीच्या अटीही वेगळ्या.

शेंगेन देश : युरोपातले २९ देश मिळून शेंगेन क्षेत्र होतं. तिथे विमानतळापुरता एक ‘ए’ प्रकारचा व्हिसा असतो, म्हणजे एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान, श्रीलंका अशा काही देशांच्या नागरिकांना तो सगळ्या शेंगेन देशांत लागतो. भारत त्या सामायिक यादीत नाही. पण प्रत्येक देश स्वतःची यादी वाढवू शकतो. जर्मनी, फ्रान्स, स्पेन असे काही देश भारतीय पासपोर्टलाही हा व्हिसा लावत आले आहेत. जानेवारी २०२६ मध्ये जर्मनीचे चान्सलर फ्रीडरिश मेर्झ भारतात आले, तेव्हा जर्मनीमार्गे जाणाऱ्या भारतीयांसाठी ही अट काढण्याची घोषणा झाली. आनंदाची बातमी आहे. तरी बातमी वाचून तिकीट काढू नका. घोषणा आणि काउंटरवरची अंमलबजावणी यांत अंतर असतं. त्या देशाच्या दूतावासाची साइट उघडून तारखेसह नियम पाहा.

अमेरिका, कॅनडा, जपान किंवा कोणत्याही शेंगेन देशाचा चालू व्हिसा असेल तर ‘ए’ व्हिशातून सूट मिळते. ब्रिटनचा व्हिसा मात्र या सुटीत बसत नाही. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यापासून हा फरक पडला, आणि लेस्टर-बर्मिंगहॅमला मुलीकडे जाणारे कित्येक आईबाप यातच अडकतात. हातात ब्रिटनचा पक्का व्हिसा असतो, आणि तरी युरोपातल्या थांब्यासाठी दुसरा व्हिसा मागितला जातो. ब्रिटनला जायचं असेल तर थेट किंवा खाडी देशांमार्गे एकाच तिकिटावर जाणं सोपं पडतं.

शेंगेनचा आणखी एक सापळा म्हणजे दोन थांबे. मुंबई ते पॅरिस, पॅरिस ते अॅमस्टरडॅम, तिथून टोरंटो असं तिकीट असेल, तर पॅरिस ते अॅमस्टरडॅम हा शेंगेनच्या आतला प्रवास झाला. म्हणजे पॅरिसला तुम्ही युरोपात प्रवेश केलात. तिथे ‘ए’ व्हिसा चालत नाही आणि कॅनडाच्या व्हिशाची सूटही चालत नाही. पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. शेंगेनमधला थांबा एकच असेल असं तिकीट घ्या.

अमेरिका : अमेरिकेत ‘आत बसून विमान बदलणं’ ही सोयच नाही. प्रत्येकाला पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन पार करावं लागतं, सामान उचलून पुन्हा जमा करावं लागतं. त्यामुळे न्यूयॉर्कमार्गे मेक्सिकोला किंवा कॅनडाला जाणाऱ्या भारतीयाकडे अमेरिकेचा व्हिसा हवाच. त्यासाठीचा ट्रान्झिट व्हिसा ‘सी-१’ म्हणून ओळखला जातो. ज्यांच्याकडे आधीच चालू पर्यटक व्हिसा आहे, त्यांना तो पुरतो.

कॅनडा : कॅनडामार्गे दुसऱ्या देशात ४८ तासांच्या आत जायचं असेल तर भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याला फी नाही, पण अर्ज वेळेत करावा लागतो. अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून भारतीय पासपोर्टला यातून सूट मिळत नाही.

तुर्कस्तान : इस्तंबूलला त्याच विमानतळावर, एकाच तिकिटावर, आत राहून विमान बदलत असाल तर व्हिसा लागत नाही. शहर पाहायला बाहेर पडायचं असेल तर लागतो. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना तो ऑनलाइन मिळू शकतो.

विमान कंपनी एवढी कडक का असते?

काउंटरवरचा माणूस मुद्दाम त्रास देतोय असं आपल्याला वाटतं. कागद अपुरे असलेला प्रवासी कंपनीने नेला, तर समोरचा देश कंपनीला दंड करतो आणि त्या प्रवाशाला परत आणण्याचा भारही कंपनीवर टाकतो. म्हणून निघण्याच्या विमानतळावरच तपासणी होते. तिथले कर्मचारी ‘टायमॅटिक’ नावाची माहितीप्रणाली पाहतात. तुमचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, कुठून कुठे जाताय, मधे कुठे थांबताय, कोणता व्हिसा आहे, हे भरलं की ती नियम दाखवते. त्या क्षणी तिथे जे दिसतं त्यावर निर्णय होतो. ‘मागच्या वर्षी माझा भाऊ असाच गेला होता’ हे सांगून उपयोग नसतो. नियम बदलतात, आणि भावाच्या पासपोर्टवर कदाचित एखादा असा व्हिसा असतो, जो तुमच्याकडे नाही.

हीच माहिती अनेक विमान कंपन्यांच्या साइटवर ‘प्रवासाची कागदपत्रं’ अशा भागात प्रवाशांनाही पाहता येते. घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा, दहा मिनिटांचं काम आहे.

पैसे देण्याआधी एजंटला हे विचारा

१) संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर आहे का? जातानाही आणि येतानाही?

२) सामान शेवटच्या ठिकाणापर्यंत जाईल का, की मधे उचलायचं?

३) मधल्या थांब्यावर विमानतळ किंवा टर्मिनल बदलतंय का? बदलत असेल तर इमिग्रेशन पार न करता जाता येतं का?

४) मधले थांबे किती आणि कोणत्या देशात? युरोपात दोन तर नाहीत?

५) माझ्या पासपोर्टवर, माझ्याकडे असलेल्या व्हिशावर, त्या थांब्याला ट्रान्झिट व्हिसा लागतो का?

६) व्हिसा नसल्याने विमानात बसू दिलं नाही तर किती पैसे परत मिळतील?

उत्तरं तोंडी घेऊ नका, व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. चांगला एजंट याचा राग मानणार नाही. पावती आणि पूर्ण तिकीट मागा, नुसता स्क्रीनशॉट नको. प्रवासाच्या तारखेपुढे पासपोर्टची मुदत किमान सहा महिने आहे ना, आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतं ना, तेही पाहा. ‘शेख’, ‘सय्यद’, ‘बी’ हे शब्द तिकिटावर पुढेमागे किंवा गाळलेले असतात.

नोकरीला जाणाऱ्या पोरांसाठी वेगळी सूचना. एखादा एजंट म्हणाला की आत्ता ट्रान्झिट किंवा व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर कामाचा व्हिसा करून देतो, तर पाय मागे घ्या. ट्रान्झिट आणि व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदेशीर असतं. ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का आहे, त्यांना खाडी देशांत कामासाठी जायला भारत सरकारची परवानगी लागते. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेल्या एजंटकडूनच जा.

काउंटरवर अडवलंच तर

आधी शांत राहा. कोणत्या थांब्यामुळे आणि कोणत्या कागदासाठी अडवलं, ते विचारा आणि शक्य असेल तर लेखी घ्या. विमान सुटण्याआधीच तिकीट रद्द किंवा बदल करता येईल का पाहा, कारण विमान सुटून गेल्यावर ‘नो-शो’ होतं आणि परतीचं तिकीटही रद्द होऊ शकतं. त्याच कंपनीचं थेट विमान मिळत असेल तर फरकाची रक्कम भरून बदल करणं अनेकदा नवीन तिकिटापेक्षा स्वस्त पडतं.

तिकीट ‘नॉन रिफंडेबल’ असलं तरी सगळेच पैसे बुडत नाहीत. भाड्याव्यतिरिक्त तिकिटावर सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क असतं. प्रवास न केल्यास ही रक्कम परत करावी, असा भारतात डीजीसीएचा नियम आहे. ती आपोआप येईलच असं नाही, अर्ज करून मागावी लागते. कंपनी दाद देत नसेल तर नागरी विमान मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते.

कागद पूर्ण ठेवण्याची जबाबदारी नियमाने प्रवाशाचीच असते. पण एजंटने ‘व्हिसा लागत नाही’ असं लेखी सांगितलं असेल आणि त्यावर विसंबून तुमचं नुकसान झालं असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. व्हॉट्सअॅपवरचं लेखी उत्तर इथेच कामी येतं.

आमच्या खालू आता गावात कुणी परदेशी निघालं की तिकीट मागवून घेतात. चष्मा लावून आधी पीएनआर मोजतात, मग विमानतळांची नावं वाचतात. मागच्या महिन्यात शेजारच्या घरचं एक तिकीट त्यांनी पैसे भरण्याआधीच थांबवलं. उतरायचं दुबईला आणि पुढचं विमान शारजाहून, तेच जुनं दुखणं. त्या घराने थोडे जास्त पैसे देऊन थेट विमान घेतलं.

अल्लाह सर्वांचा प्रवास आसान करो. दुआ तर कराच, आणि पैसे भरण्याआधी तिकीट एकदा नीट वाचा.